जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांची दुरुस्ती आणि ऑफ-रोड वापरासाठी फेरबदल : एक विवेचन

सारांश : जुन्या जीपगाड्या व जिप्सीसारखी चारही चाकांना गती देणारी वाहने दुरुस्त करून ती रस्त्याबाहेरच्या प्रवासासाठी सज्ज करण्याचा छंद महाराष्ट्रात वाढताना दिसतो. या कामात उंची वाढवणे, मोठे टायर बसवणे, इंजिन बदलणे अशा दिसणाऱ्या फेरबदलांना अग्रक्रम मिळतो आणि मूळ दुरुस्ती मागे पडते. वाहन ही परस्परावलंबी भागांची एक साखळी असून एका कडीत केलेला बदल पुढच्या कडीवर भार टाकतो, हे तत्त्व सीजे-३बी या जीपच्या उदाहरणाने प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. त्या अनुषंगाने दुरुस्तीचा क्रम, फेरबदलांचे परिणाम, कायदेशीर मर्यादा आणि पर्यावरणीय जबाबदारी यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : फोर-व्हील-ड्राइव्ह, जीप, ट्रान्स्फर केस, डिफरन्शिअल, फेरबदल, मोटार वाहन अधिनियम, कारागिरी.

१. प्रस्तावना

मोटारगाडीची रचना करताना रस्ता गृहीत धरलेला असतो. जेथे रस्ता संपतो तेथेही वाहन चालावे, ही अपेक्षा प्रथम युद्धाने आणि नंतर शेती, जंगल, बांधकाम व दुर्गम वस्त्या यांनी निर्माण केली. सह्याद्रीच्या वाड्या, सातपुड्यातील पाडे, मेळघाटातील गावे यांचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध दीर्घकाळ जीपगाडीवर अवलंबून होता. आजही पावसाळ्यात रस्ता खचला की अशाच एखाद्या जुन्या वाहनाची आठवण होते.

ही वाहने आता बहुतांशी तीस-चाळीस वर्षांची झाली आहेत. काही शेतावर राबत आहेत, काही गोठ्यामागे गंजत पडली आहेत, तर काही हौशी मंडळींनी विकत घेऊन नव्याने उभी केली आहेत. अशा वाहनाला पुन्हा कामास लावताना दोन वेगवेगळ्या क्रिया घडतात. पहिली दुरुस्ती, म्हणजे झिजलेला भाग मूळ मापावर आणणे. दुसरी फेरबदल, म्हणजे मूळ मापच बदलणे. व्यवहारात या दोन क्रियांची सरमिसळ होते आणि दुसरी पहिलीच्या आधी केली जाते. त्यातून होणारे नुकसान केवळ आर्थिक नसते. ब्रेक निकामी होणे, सुकाणू हातात थरथरणे, उतारावर वाहन उलटणे हे त्याचे परिणाम असून त्यांची किंमत माणसांना मोजावी लागते. म्हणूनच हा विषय केवळ गराजपुरता मर्यादित न ठेवता अभ्यासकांनीही त्याची दखल घेणे आवश्यक वाटते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेली विलीज जीप ही या वाहनकुळाची मूळ पुरुष होय. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे संपूर्ण उत्पादन भारतात होऊ लागले. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनलेले सीजे-३बी हे प्रतिमान भारतात त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिले. उंच बॉनेट ही त्याची ओळख. जुन्या इंजिनाच्या जागी आलेले 'हरिकेन' इंजिन अधिक उंच असल्याने बॉनेट उंच करावे लागले होते. पुढे प्यूजो कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन असलेल्या एमएम ५४० सारख्या गाड्या आल्या.

याला समांतर असे आणखी दोन प्रवाह आहेत. जबलपूरच्या वाहन निर्माणीत लष्करासाठी निसान पॅट्रोलच्या आराखड्यावर 'जोंगा' हे वाहन १९६९ ते १९९९ या काळात तयार होत असे. लष्करी लिलावातून ते नागरिकांच्या हाती आले. मारुती उद्योगाने १९८५ मध्ये ९७० घन सेंटिमीटर इंजिनाची जिप्सी बाजारात आणली, तर १९९६ मध्ये तिची १,२९८ घन सेंटिमीटरची आवृत्ती आली. सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव लिलावातील जीपगाड्या नव्याने बांधून देण्याबद्दल प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात मात्र असे एकच केंद्र न राहता प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एखादा जाणकार मिस्त्री आणि त्याच्या जवळचा लेथवाला अशी विखुरलेली व्यवस्था उभी राहिली.

या सर्व वाहनांची मूलभूत रचना एकसारखी आहे. स्वतंत्र पोलादी चासी, पुढे-मागे अखंड आस, कमानपाटे आणि चालकाने हवी तेव्हा जोडावयाची पुढच्या चाकांची गती, ही ती रचना होय. ती साधी असल्यामुळेच दुरुस्तीला सोपी आहे आणि फेरबदलाचा मोहही तिच्याच साधेपणामुळे होतो.

३. शक्तीचा प्रवास : इंजिनापासून मातीपर्यंत

फेरबदलाचा विचार करण्यापूर्वी मूळ यंत्राची क्षमता समजून घेणे आवश्यक आहे. सीजे-३बीचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १५५ न्यूटन-मीटर एवढे पिळबल देते. ते प्रथम गिअरबॉक्समध्ये, नंतर ट्रान्स्फर केसमध्ये आणि शेवटी डिफरन्शिअलमध्ये वाढत जाते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८०, ट्रान्स्फर केसच्या 'लो' स्थितीचे २.४६ आणि क्राउन-पिनियनचे ५.३८ आहे. या तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजेच इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. २८ इंच व्यासाच्या मूळ टायरवर, इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना गाडी ताशी सुमारे ३.६ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने पुढे सरकते.

आता बलाचा हिशोब पाहू. १५५ न्यूटन-मीटरला ३७ ने गुणून त्यातून घर्षणापोटी २० टक्के वजा केले आणि टायरच्या त्रिज्येने भागले, तर चाकांपाशी सुमारे १२,९०० न्यूटन बल मिळते. दोन माणसे व सामान धरून गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम मानले तर तिचे वजन सुमारे ११,८०० न्यूटन होते. ओल्या मातीवर घर्षणांक ०.४ धरल्यास जमीन जास्तीत जास्त ४,७०० न्यूटन बल स्वीकारू शकते. त्यापलीकडे चाक जागीच फिरू लागते.

या साध्या गणिताचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. 'लो' गिअरमध्ये सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्याचे लहानसे इंजिनही जमीन पेलू शकेल त्याच्या अडीचपटीहून अधिक बल देते. ऑफ-रोड वाहन अडते ते बहुधा शक्तीच्या अभावी नसून पकडीच्या अभावी अडते. म्हणून अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसवणे हा अशा वाहनाच्या अडचणींवरचा पहिला उपाय असू शकत नाही.

यासोबत एक मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. या गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शिअल नसते. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. मऊ जमिनीवर चाके थोडी घसरून हा फरक मिटतो, परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर तो मिटत नाही. त्याचा ताण ट्रान्स्फर केसच्या दात्यांवर व प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर साठत जातो. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील जोडून गाडी चालवण्याची सवय हे अनेक जुन्या ट्रान्स्फर केस निकामी होण्यामागचे कारण आहे.

४. दुरुस्ती : क्रम आणि कारणे

दुरुस्तीचा क्रम ठरवताना 'हा भाग निकामी झाला तर काय होईल' हा निकष लावणे योग्य ठरते. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. ब्रेक बंद पडला तर गाडी थांबत नाही. म्हणून इंजिनाचा क्रम शेवटी लागतो.

४.१ चासी : सर्वप्रथम चासी धुऊन, खरवडून तपासावी. स्टिअरिंग बॉक्स जेथे बसतो ती जागा, कमानपाट्यांचे हँगर आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे येथे चिरा आढळतात. कोकणपट्टीत खारी हवा आणि चिखल यांमुळे पेटीसारख्या बंद भागांत आतून गंज चढतो. वरून रंग शाबूत दिसतो, पण हातोडीने ठोकल्यावर आवाज बद्द येतो. चीर वेल्डिंगने बुजवण्यापूर्वी तिच्या टोकाला लहान छिद्र पाडावे लागते. अन्यथा टोकाशी एकवटलेल्या ताणामुळे ती वेल्डिंगच्या पुढे सरकत राहते. आधाराची पट्टी लावताना तिची टोके सरळ न कापता तिरकी ठेवावीत, म्हणजे चासीच्या एकाच आडव्या रेषेवर ताण येत नाही.

४.२ ब्रेक : जुन्या जीपमध्ये चारही चाकांना ड्रम ब्रेक असून मास्टर सिलिंडर एकपदरी आहे. एका ठिकाणी नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. हातब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागील शाफ्टवर बसवलेला असतो. म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट किंवा आसाचा शाफ्ट तुटल्यास हातब्रेकही निरुपयोगी होतो. म्हणून रबरी नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी बदलाव्यात, गंजलेल्या पोलादी नळ्या नव्याने टाकाव्यात आणि ड्रम लेथवर फिरवताना त्यांची जाडी मर्यादेखाली गेलेली नाही याची खात्री करावी.

४.३ स्टिअरिंग आणि पुढील आस : पुढची चाके ठरावीक वेगाला जोराने थरथरू लागणे ही या गाड्यांची जुनी तक्रार आहे. त्यावर स्टिअरिंग डॅम्पर बसवणे हा प्रचलित उपाय आहे. डॅम्परमुळे लक्षण दबते, मात्र कारण तसेच राहते. किंग पिनचे झिजलेले बेअरिंग, ढिले टाय रॉड एंड, शॅकलचे झिजलेले बुश आणि पाट्यांचा बदललेला कोन यांपैकी एक किंवा अनेक कारणे त्यामागे असतात. किंग पिनच्या बेअरिंगला शिम घालून योग्य तो दाब द्यावा लागतो. जॅकवर चढवलेले चाक वर-खाली धरून हलवले तर हा ढिलेपणा हाताला कळतो. त्याच ठिकाणी आसाच्या टोकाला असलेल्या गोलाभोवतीचे फेल्टचे सील झिजले की ग्रीस बाहेर आणि पाणी आत असा व्यवहार सुरू होतो.

४.४ गतिवाहक भाग : ट्रान्स्फर केस व गिअरबॉक्स यांच्यामधील झिजलेल्या सीलमधून तेल एका पेटीतून दुसरीत जाते. एका पेटीत तेल जास्त व दुसरीत कमी आढळले की हा दोष ओळखावा. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्लिप जॉइंट आणि पिनियनचे बेअरिंग तपासल्याशिवाय पुढील कोणताही फेरबदल हाती घेऊ नये. मागील आसाचे शाफ्ट टोकाकडे निमुळते असून हब त्यावर चावीने बसवलेला असतो. हबचे नट पुरेसे आवळलेले नसले तर सगळा भार त्या लहानशा चावीवर येऊन ती कातरली जाते.

४.५ शीतन आणि इंधन : 'लो' गिअरमध्ये चढ चढताना इंजिन जोरात फिरते, परंतु गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. सारे शीतन पंख्यावर अवलंबून राहते. आतून क्षार साचलेला व बाहेरून चिखलाने बुजलेला रेडिएटर सपाट रस्त्यावर चालून जातो, घाटात मात्र उघडा पडतो. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या नळीजवळून गेलेली असल्यास उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडते. नळीचा मार्ग बदलणे एवढाच त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

५. फेरबदल : लाभ आणि भार

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर गाडी काही दिवस मूळ स्वरूपात चालवून पाहणे हिताचे असते. तिच्या खऱ्या उणिवा त्यानंतरच कळतात. सामान्यतः केल्या जाणाऱ्या फेरबदलांचा विचार पुढीलप्रमाणे करता येईल.

५.१ उंची वाढवणे : पाट्यांची कमान वाढवून किंवा शॅकल लांब करून गाडी उंच केली जाते. याबाबत एक मोठा गैरसमज आढळतो. पाटे उंच केल्याने चासी व बॉडी वर जाते, डिफरन्शिअलचा गोळा मात्र होता तेथेच राहतो, कारण तो आसावर आहे आणि आस चाकावर. गाडीखालचा सर्वांत खालचा बिंदू तोच असल्याने दगड अडण्याचा प्रश्न सुटत नाही. चढाच्या पायथ्याशी बंपर घासणे किंवा उंचवट्यावर पोट टेकणे हे प्रश्न मात्र काही प्रमाणात कमी होतात.

या लाभाची किंमत पाच ठिकाणी मोजावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात. आसाचा कोन फिरल्यामुळे सुकाणू सरळ राहण्याची प्रवृत्ती कमी होते. ड्रॅग लिंक तिरकी झाल्याने प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूस ओढली जाते. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. आणि गुरुत्वमध्य वर जातो. शेवटच्या मुद्द्याचे मोजमाप करता येते. सीजे-३बीच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे १,२३० मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्याची उंची ६०० मिलिमीटर गृहीत धरली तर स्थिर अवस्थेत गाडी आडव्या उतारावर सुमारे ४५ अंशांपर्यंत तोल सांभाळेल. ही उंची ९० मिलिमीटरने वाढली की ती मर्यादा सुमारे ४१ ते ४२ अंशांवर येते. प्रत्यक्षात पाटे दबतात, खालचे चाक खड्ड्यात जाते, वरचे दगडावर चढते आणि पाण्याचे पिंप किंवा माणसे एका बाजूस सरकतात. त्यामुळे खरी मर्यादा यापेक्षा पुष्कळच कमी असते. अशा स्थितीत तीन-चार अंशांचा फरक क्षुल्लक राहत नाही.

५.२ मोठे टायर : डिफरन्शिअल जमिनीपासून वर नेण्याचा खरा मार्ग हाच. २८ ऐवजी ३१ इंच व्यासाचे टायर बसवल्यास आस दीड इंचाने उचलला जातो. परंतु चाकाची त्रिज्या वाढल्याने जमिनीवरील ओढ व ब्रेकचे बल ही दोन्ही सुमारे १० टक्क्यांनी घटतात. एकूण गुणोत्तर ३७ वरून परिणामतः ३३.५ वर येते. वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. चाकाचे वजन वाढल्याने किंग पिन, बेअरिंग व स्टिअरिंग बॉक्स यांवरचा भार वाढतो. ज्या गाडीच्या ब्रेकची दुरुस्ती झालेली नाही, तिच्यावर मोठे टायर चढवणे म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या ब्रेकमधून दहावा भाग काढून घेण्यासारखे आहे.

याउलट, टायरमधील हवा कमी करणे हा विनामूल्य उपाय दुर्लक्षित राहतो. वाळूत किंवा चिखलात हवेचा दाब १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवल्यास टायरचा जमिनीशी संपर्क वाढतो व पकड सुधारते. मात्र ट्यूब असलेल्या टायरमध्ये दाब फार कमी केल्यास टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उखडतो. तसेच पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे.

५.३ डिफरन्शिअल लॉक : साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखेच पिळबल देते. त्यामुळे एक चाक हवेत लटकले की त्याला लागणारे नगण्य बल तेवढेच जमिनीवरील चाकाच्या वाट्याला येते आणि गाडी जागीच राहते. लॉकर बसवल्यास हा दोष जातो. परंतु आता एकाच शाफ्टवर सर्व पिळबल येण्याची शक्यता निर्माण होते. वर उल्लेखिलेला चावीचा सांधा त्यासाठी योजलेला नव्हता. म्हणून लॉकर बसवणाऱ्याने शाफ्ट व हब यांचाही विचार केला पाहिजे. अनुभवी चालक अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरसोबत ब्रेकवर हलका पाय ठेवतो. त्यामुळे लटकलेल्या चाकास विरोध मिळून दुसऱ्या चाकाकडे बल जाते.

५.४ इंजिन बदल : पेट्रोलच्या खर्चामुळे जुन्या जीपमध्ये व जोंगामध्ये डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा रूढ झाली. इंधनाची बचत होते हे खरे. परंतु जुने डिझेल इंजिन वजनाने जड असते, त्याची कंपने वेगळी असतात आणि फेऱ्यांची मर्यादा कमी असते. पुढचे पाटे, इंजिनाचे माउंटिंग, क्लच व ब्रेक यांचा विचार न करता केलेला बदल वर्षभरातच चासीला चिरा पाडतो.

५.५ पाणी ओलांडण्याची तयारी : हवा घेण्याची नळी उंचावर नेली तरी काम पूर्ण होत नाही. प्रवासाने तापलेला आस थंड पाण्यात गेला की त्यातील हवा आकसते आणि छोट्या ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेलाला दुधाळ रंग आला की हे घडले असे समजावे. दोन्ही आस, गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केस यांच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती उंचावर नेणे हा अल्प खर्चाचा उपाय प्रत्येक ऑफ-रोड वाहनात असावा. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक ओले असतात, म्हणून हलका ब्रेक दाबून गाडी थोडे अंतर चालवून ते सुकवावेत.

५.६ ओढून काढण्याची साधने : फसलेली गाडी ओढताना दोरात किंवा तारेत मोठी ऊर्जा साठते. हूक तुटला तर ती ऊर्जा क्षणार्धात बाहेर पडते. ट्रेलरचा गोळा किंवा बंपर यांना दोर बांधणे त्यामुळे प्राणघातक ठरू शकते. चासीला योग्य जाडीच्या बोल्टांनी पक्के केलेले पुढे दोन व मागे दोन हूक हा सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत आवश्यक फेरबदल आहे. विंचची तार ताणलेली असताना तिच्यावर जाड घोंगडी टाकावी व आसपास कोणास उभे राहू देऊ नये.

६. कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल वाहनमालकास करता येत नाही. ज्यामुळे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल होतो असा रचनेतील बदल, अशी फेरबदलाची व्याख्या कायद्यात दिली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द करून याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्ती अधिनियमाने आलेल्या कलम १८२-क मध्ये बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. इंजिन बदलल्यास त्याची नोंद नोंदणी प्राधिकाऱ्याकडे होणे आवश्यक असते. बंपरपुढील लोखंडी गार्डवर केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करण्यास सांगितले. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून लक्षणीय वाढले आहे.

या तरतुदींकडे छंदाचा शत्रू म्हणून पाहिले जाते. वस्तुतः मूळ मापावर आणणारी दुरुस्ती, ब्रीदरच्या नळ्या, योग्य मापाचे टायर, शीतनातील सुधारणा यांपैकी कशालाही कायद्याचा अडसर नाही. अडसर आहे तो मुख्यतः त्या फेरबदलांना, ज्यांचा भार वर दाखवल्याप्रमाणे यंत्रालाही सोसत नाही. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला फेरबदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, याचा विसर पडू नये.

७. पर्यावरणीय जबाबदारी

रस्त्याबाहेरची जमीन ओसाड असते असे नाही. सह्याद्रीतील जांभ्याचे सडे मातीच्या पातळ थरावर जगणाऱ्या वनस्पतींचे घर आहेत. कास पठाराचा समावेश असलेला पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला तो या वैविध्यामुळेच. चाकाने दाबलेली ही माती पुन्हा सैल होण्यास अनेक पावसाळे लागतात. वेळास, आंजर्ले येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे घरटी करतात व वाळूवरून जाणारे वाहन त्यांना घातक असते. वनक्षेत्रात विनापरवाना वाहन नेणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून ऑफ-रोड याचा अर्थ 'कोठेही' असा न घेता 'परवानगी असलेल्या कच्च्या वाटेवर' असा घ्यावा लागेल. तेल गळणारी जुनी गाडी ओढ्यातून नेणे म्हणजे खालच्या गावाच्या पाण्यात तेल सोडणे होय. सील वेळेवर बदलणे ही या अर्थाने पर्यावरणाची सेवाच आहे.

८. कारागिरीचे ज्ञान

या वाहनांची माहितीपुस्तके उपलब्ध आहेत, परंतु पुस्तकात माप असते, हाताचा अंदाज नसतो. किंग पिनला किती शिम घालायच्या, पिनियनचा आवाज बेअरिंगचा आहे की दात्याचा, हे अनुभवी मिस्त्री ऐकून व चाचपून सांगतो. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात ज्या अव्यक्त ज्ञानाचे विवेचन केले, त्याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल. नव्या वाहनांत दोष संगणक दाखवतो आणि भाग दुरुस्त करण्याऐवजी बदलला जातो. त्यामुळे झिजलेला भाग लेथवर पुन्हा मापात आणण्याचे कौशल्य पुढच्या पिढीकडे जात नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी आपापल्या तालुक्यातील जुन्या कारागिरांचे ज्ञान ध्वनिचित्रमुद्रित करून अभ्यासक्रमास जोडल्यास ते टिकेल. भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना तर पिळबल, गुरुत्वमध्य आणि घर्षण शिकवण्यासाठी याहून चांगले उघडे यंत्र सापडणे कठीण आहे.

९. निष्कर्ष

१. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनाची मूळ क्षमता त्याच्या कमी गतीच्या गिअरमध्ये आहे. ती बहुधा जमिनीच्या पकडीपेक्षा अधिक असते, म्हणून शक्ती वाढवण्यापेक्षा पकड व चालकाचे कौशल्य वाढवणे अधिक फलदायी ठरते.

२. चासी, ब्रेक, स्टिअरिंग, गतिवाहक भाग, शीतन आणि शेवटी इंजिन हा दुरुस्तीचा क्रम सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य आहे.

३. प्रत्येक फेरबदल पुढच्या कमकुवत भागावर भार टाकतो. तो भाग सक्षम केल्याशिवाय फेरबदल पूर्ण झाला असे मानू नये.

४. ब्रीदरच्या नळ्या, पक्के हूक आणि हवेच्या दाबाचे नियंत्रण हे अल्प खर्चाचे उपाय उंची व मोठे टायर यांच्या आधी अमलात आणावेत.

५. कायदा, विमा आणि पर्यावरण यांच्या मर्यादा पाळूनही हा छंद जोपासता येतो.

जी गाडी मूळ मापावर नीट चालते तिला थोडा फेरबदल पुरतो. जी चालत नाही तिला कितीही फेरबदल केला तरी तो पुरत नाही. जुने वाहन घेणाऱ्याने पहिला खर्च कशावर करावा, या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावरून मिळू शकेल.